स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकीतील प्रकल्पाधारित अध्ययन : हिंदमाता परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रमात अंतिम वर्षाचा प्रकल्प अनिवार्य असला, तरी ‘प्रकल्प करणे’ आणि ‘प्रकल्पातून शिकणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात प्रकल्पाधारित अध्ययनाची संकल्पना, तिची देशी व विदेशी पूर्वपीठिका आणि महाराष्ट्रातील काही अनुभव यांचा परामर्श घेतला आहे. त्यानंतर मुंबईतील दादर-परळ दरम्यानच्या हिंदमाता परिसरात पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्याचा प्रश्न अध्ययनाचे क्षेत्र म्हणून कसा उपयोगात आणता येईल, याचे विवेचन केले आहे. अभियांत्रिकीतील प्रत्येक प्रमाणित आकड्यामागे कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, ही जाणीव विद्यार्थ्यात निर्माण करणे हे अशा अध्ययनाचे मुख्य प्रयोजन होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : प्रकल्पाधारित अध्ययन, पर्जन्यजल निचरा, क्षेत्रकार्य, अपधाव, मूल्यमापन

१. प्रस्तावना

कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालांचे एक कपाट असते. काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरे असलेले हे अहवाल तोंडी परीक्षेनंतर क्वचितच उघडले जातात. पुष्कळ अहवालांची पहिली प्रकरणे एकमेकांशी जुळतात, आकडे आधीच्या वर्षांच्या अहवालांतून पुढे येत राहतात, आणि ‘निष्कर्ष’ या शीर्षकाखाली पाठ्यपुस्तकात आधीपासून असलेलेच विधान पुन्हा नोंदवले जाते. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांवर टाकणे योग्य ठरणार नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच छापलेले आहे, असा प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवला, तर तो ते उत्तर उतरवून काढणार, हे स्वाभाविक आहे.

स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या बाबतीत ही त्रुटी अधिक गंभीर ठरते. यंत्र अथवा विद्युत मंडल प्रयोगशाळेत आणता येते. परंतु रस्त्याचा उतार, जमिनीची पातळी, नाल्याचे मुख आणि भरतीचे पाणी प्रयोगशाळेत आणता येत नाही. या शाखांचे खरे अध्ययनक्षेत्र महाविद्यालयाच्या आवाराबाहेर आहे. मुंबईसारख्या शहरात ते फाटकापासून काही मिनिटांच्या अंतरावर असते. असे असतानाही प्रकल्प आवाराच्या आतच पूर्ण होतात, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

२. संकल्पना आणि पूर्वपीठिका

प्रकल्पाधारित अध्ययन म्हणजे एखाद्या वास्तव प्रश्नाभोवती दीर्घकाळ चालणारे, गटाने केलेले आणि ठोस फलनिष्पत्तीकडे जाणारे अध्ययन. जॉन ड्यूई यांच्या शैक्षणिक विचारांतून या पद्धतीला तात्त्विक बैठक मिळाली. त्यांचे सहकारी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रकल्प पद्धती’ या विषयावरील निबंधातून तिची सूत्रबद्ध मांडणी केली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षणात समस्याधारित अध्ययन सुरू केले. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाने तर १९७४ मधील स्थापनेपासूनच अभियांत्रिकीसह आपले शिक्षण समस्या व प्रकल्प यांच्याभोवती रचले.

या दोन संज्ञांमधील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. समस्याधारित अध्ययनात प्रश्न समजून घेणे आणि त्यासाठी लागणारे ज्ञान मिळवणे यावर भर असतो. प्रकल्पाधारित अध्ययनात त्यापुढे जाऊन आराखडा, नकाशा, प्रतिकृती किंवा अंमलात आणता येईल असा प्रस्ताव तयार करणे अपेक्षित असते. आपल्याकडील अंतिम वर्षाच्या प्रकल्पात शेवटचा टप्पा असतो. परंतु प्रश्न समजून घेण्याचा पहिला टप्पा बहुधा गाळला जातो.

ही पद्धत आपल्याला सर्वस्वी परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ची कल्पना मांडली, हाताचे काम हेच ज्ञानाचे केंद्र असावे, हा तिचा गाभा होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ या सूत्रातून श्रम व शिक्षण यांची सांगड घातली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे बांधकाम, शेती, वीज यांसारखी गावाच्या गरजेची प्रत्यक्ष कामे करतच विद्यार्थी विज्ञान शिकतात. शाळा मध्येच सुटलेली मुलेही तेथे मोजमाप, अंदाजपत्रक आणि साहित्याचे गुणधर्म हे विषय कामाच्या ओघात आत्मसात करतात. पदवीच्या वर्गासाठी यातून घेण्याजोगा धडा एवढाच की, काम खरे असेल तर त्यामागील सिद्धान्ताची गरज विद्यार्थ्याला आपोआप जाणवते.

३. महाराष्ट्रातील उच्च तंत्रशिक्षणाचा अनुभव

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे ‘सितारा’ हे केंद्र स्थापन झाले. या केंद्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला मध्यवर्ती स्थान देण्यात आले. कर्जतसारख्या तालुक्यांतील नळपाणी योजनांचा अभ्यास विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष गावात जाऊन केला. टाकीची क्षमता पुरेशी असूनही टोकाच्या वाडीला पाणी का पोचत नाही, या प्रकारचा प्रश्न जलशास्त्राचा असतो, तसाच तो वीजबिलाचा, देखभालीचा आणि ग्रामपंचायतीच्या कारभाराचाही असतो. प्रयोगशाळेतील नळाच्या प्रयोगातून हे आकलन होणे शक्य नाही.

याच विचारातून राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ हाती घेतले. जिल्हा प्रशासन आणि स्थानिक महाविद्यालये यांना जोडून विकासाचे प्रश्न विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग व्हावेत, हा त्यामागील हेतू होता. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाल्यापासून अधिस्वीकृतीच्या प्रक्रियेतही पदवीधराच्या गुणविशेषांना महत्त्व आले आहे. गुंतागुंतीच्या प्रश्नाचे विश्लेषण, समाज व पर्यावरणाविषयीचे भान, गटात काम करण्याची क्षमता हे ते गुणविशेष होत. तक्त्यातील चौकटी भरून हे गुण सिद्ध करता येतात, परंतु निर्माण करता येत नाहीत.

वरील प्रयत्नांचा रोख प्रामुख्याने ग्रामीण भागाकडे राहिला. शहरातील महाविद्यालयांनी ‘क्षेत्र’ म्हणजे खेडे असे समीकरण धरल्याने स्वतःच्या परिसराकडे काहीसे दुर्लक्ष झाले. १८८७ मध्ये स्थापन झालेली आणि १९२३ पासून माटुंग्यात असलेली व्हीजेटीआय ही संस्था पाहिली, तरी हा मुद्दा स्पष्ट होतो. दादर, परळ, लालबाग हा सारा भाग अशा संस्थेच्या अगदी जवळ आहे, आणि तेथील प्रश्न स्थापत्य व पर्यावरण या दोन्ही शाखांना एकत्र आणणारे आहेत.

४. हिंदमाता : अध्ययनक्षेत्राची ओळख

मुंबई मूळची सात बेटांची. बेटांमधील खाजणे व सखल जमिनी भराव घालून जोडण्यात आल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खिंड बांध घालून बंद होईपर्यंत भरतीचे पाणी या सखल भागात शिरत असे. भराव घातला तरी जमिनीचा मूळ कल पूर्णतः नाहीसा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील हिंदमाता परिसर बशीसारखा सखल आहे. भोवतालच्या उंच भागांचे पाणी तेथे गोळा होते. जुन्या चाळी, कापडाची दुकाने, नव्या उत्तुंग इमारती आणि केईएमसारखी मोठी रुग्णालये यांच्या मधोमध हा भाग येतो. त्यामुळे तेथे पाणी साचले की त्याचा फटका केवळ वाहतुकीला बसत नाही.

मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ अपधाव गुणांक गृहीत धरून, तीही ओहोटीच्या वेळी निचरा होईल या हिशेबाने आखलेली होती. १९८५ मधील अतिवृष्टीनंतर या व्यवस्थेचा सर्वंकष अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल सादर झाला. ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि १ हा गुणांक धरून वाहिन्यांची क्षमता वाढवणे व समुद्रमुखांशी उदंचन केंद्रे उभारणे, ही त्यातील प्रमुख शिफारस होती. तिच्या अंमलबजावणीला खरी गती मिळाली ती २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर. त्या आपत्तीच्या कारणमीमांसेसाठी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली आणि २००६ मध्ये तिचा अहवाल आला.

रे रोड येथील ब्रिटानिया उदंचन केंद्र २०१६ मध्ये कार्यान्वित झाले. तरीही हिंदमाता येथे पाणी साचणे थांबले नाही. समुद्रमुखाशी पंप कितीही शक्तिशाली असला, तरी पाणी तेथवर वाहून नेणारी वाहिनी अपुरी असेल, तर पंपाचा लाभ दूरच्या सखल भागाला मिळत नाही. २०२१ मध्ये प्रमोद महाजन कला उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत साठवण टाक्या बांधण्यात आल्या. जास्तीचे पाणी तात्पुरते टाकीत घ्यावे आणि भरती ओसरल्यावर सोडावे, ही त्यामागील योजना. त्याच सुमारास दोन उड्डाणपुलांमधील रस्त्याचा भाग उंच करण्यात आला, जेणेकरून वाहतूक खंडित होऊ नये.

या प्रश्नाचे गांभीर्य २९ ऑगस्ट २०१७ च्या घटनेतून पुढे आले. त्या दिवशीच्या पुरात एल्फिन्स्टन रोड परिसरातून पायी घरी निघालेले एक ज्येष्ठ डॉक्टर पाण्याखाली उघड्या असलेल्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीजवळ सापडला. पाणी लवकर ओसरावे म्हणून मॅनहोल उघडणे हा रहिवाशांचा नेहमीचा उपाय आहे. निचऱ्याची अपुरी क्षमता, आणि ती भरून काढण्यासाठी लोकांनी नाइलाजाने शोधलेला मार्ग, या दोहोंचा संबंध विद्यार्थ्याला कोणत्याही सूत्रातून दिसत नाही.

५. एका सूत्रामागील निर्णय

अपधावाचे साधे सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते : प्रवाह म्हणजे अपधाव गुणांक, पर्जन्यतीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. वर्गात गुणांक आणि तीव्रता ‘दिलेल्या’ असतात. हिंदमातासारख्या क्षेत्रात त्या कोणी दिल्या आणि का, हा प्रश्न उभा राहतो.

एक हेक्टर क्षेत्र घेऊ. ताशी २५ मिलिमीटर पावसात त्यावर एका तासात २५० घनमीटर पाणी पडते. गुणांक ०.५ धरल्यास त्यातील १२५ घनमीटर वाहिनीत येते. म्हणजे सेकंदाला सुमारे ३५ लिटर. आता पाऊस ताशी ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरला, तर हाच आकडा तासाला ५०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ लिटर होतो. पाऊस दुप्पट झाला, परंतु वाहिनीवरील भार चौपट झाला. कारण मधल्या काळात मोकळी जमीन, अंगणे, गिरण्यांची आवारे आणि तळी यांच्या जागी काँक्रीट व डांबर आले. गुणांकातील ०.५ चा फरक म्हणजे एका शहराच्या जमीनवापराचा इतिहास आहे.

जुनी वाहिनी १२५ घनमीटरच वाहून नेऊ शकत असेल, तर एका तासात प्रत्येक हेक्टरमागे ३७५ घनमीटर पाणी मागे उरते. ते संपूर्ण हेक्टरवर समान पसरले, तर त्याची खोली चार सेंटिमीटरही भरत नाही. परंतु जमीन बशीसारखी असेल आणि हे सारे पाणी एक दशांश क्षेत्रात गोळा होत असेल, तर खोली साडेसदतीस सेंटिमीटर होते. म्हणजे जवळपास गुडघाभर पाणी. सरासरीच्या आकड्यात न दिसणारा पूर जमिनीच्या पातळीमुळे कसा निर्माण होतो, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

साठवण टाकीचे गणितही याच मार्गाने मांडता येते. एक कोटी लिटर म्हणजे १०,००० घनमीटर. हेक्टरी ३७५ घनमीटर या हिशेबाने अशी टाकी एका तासापुरते सुमारे २७ हेक्टर क्षेत्राचे जास्तीचे पाणी सामावून घेईल. भरतीमुळे वाहिनीचे मुख पूर्णतः बंद झाले, तर हेच क्षेत्र २० हेक्टरवर येते. पाऊस दुसरा तासही तसाच चालू राहिला आणि टाकी रिकामी करण्याइतकी ओहोटी आली नाही, तर काय होईल? या प्रश्नाचे छापील उत्तर उपलब्ध नाही. त्यासाठी पाणलोट क्षेत्राची सीमा, पावसाचा कालावधी आणि भरतीचे वेळापत्रक प्रत्यक्ष जुळवून पाहावे लागते.

पावसाच्या आकड्याबाबतही अशीच सावधगिरी आवश्यक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली; कुलाब्यात मात्र सुमारे ७३ मिलिमीटरच. याउलट ५ ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत कुलाबा वेधशाळेने चोवीस तासांत ३३० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला आणि सांताक्रूझचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला. परळ या दोन ठिकाणांच्या मधे आहे. तेथे किती पाऊस पडला, हे दोहोंच्या सरासरीवरून ठरवणे शास्त्रीय ठरणार नाही. शिवाय एकूण पाऊस आणि पर्जन्यतीव्रता या भिन्न राशी आहेत. तासाभरात ३० मिलिमीटर पाऊस झाला, पण त्यातील २० मिलिमीटर पहिल्या पंधरा मिनिटांतच पडला, तर त्या पंधरा मिनिटांची तीव्रता ताशी ८० मिलिमीटर होती. वाहिनी भरून वाहते ती या पंधरा मिनिटांत.

६. प्रकल्पाची संभाव्य मांडणी

असा प्रकल्प हाती घेताना पहिली अडचण वेळापत्रकाची येते. अंतिम वर्षाचा प्रकल्प सामान्यतः सातव्या व आठव्या सत्रात असतो. सातवे सत्र जुलैच्या सुमारास सुरू होते. गट ठरून, विषय मंजूर होऊन काम सुरू होईपर्यंत पावसाळा संपत येतो. म्हणून पाण्याशी संबंधित प्रकल्पाचा विषय सहाव्या सत्रातच निश्चित होणे आवश्यक आहे. त्या दृष्टीने कामाचे तीन टप्पे करता येतील.

पहिला टप्पा कोरड्या ऋतूतील, जानेवारी ते एप्रिल या काळातील आहे. या काळात निवडलेल्या गल्ल्यांचे पातळीमापन करावे, वाहिन्यांची मुखे व जाळ्या नकाशावर नोंदवाव्यात, आणि कोणत्या पृष्ठभागावरून पाणी कोठे जाते हे ठरवावे. काही सेंटिमीटरच्या फरकाने पाणी उंबरठ्याच्या अलीकडे राहते किंवा पलीकडे जाते. म्हणून पातळीमापनाची फेरी सुरुवातीच्या बिंदूवर परत आणून तिच्यातील तफावत तपासणे येथे औपचारिकता राहत नाही. अचूक पातळीमापनात एक किलोमीटरच्या फेरीला सुमारे १२ मिलिमीटर तफावत ग्राह्य धरतात. ही मर्यादा कशासाठी आहे, हे विद्यार्थ्याला अशा ठिकाणी उमगते.

दुसरा टप्पा जून ते सप्टेंबर या काळातील. गच्चीवर बसवलेला साधा पर्जन्यमापक, भिंतीवर रंगवलेली खोलीची पट्टी आणि भरतीचे प्रसिद्ध वेळापत्रक एवढी साधने पुरेशी आहेत. पाऊस, भरतीची उंची आणि साचलेल्या पाण्याची खोली या तिन्ही गोष्टी एकाच कालरेषेवर मांडल्या, की कोणत्या वेळी कारण पावसाचे होते आणि कोणत्या वेळी भरतीचे, हे वेगळे करता येते. महापालिकेच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांची आकडेवारी आणि जून २०२० मध्ये सुरू झालेली ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-पूर्वसूचना प्रणाली यांच्याशी आपल्या नोंदी ताडून पाहणे हाही उपयुक्त अभ्यास ठरेल.

पर्यावरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे काम याच टप्प्यात महत्त्वाचे आहे. पर्जन्यजल आणि मलजल यांच्या वाहिन्या स्वतंत्र असल्या, तरी पुराच्या वेळी त्यांचे पाणी एकमेकांत मिसळते. पाणी ओसरल्यानंतर घराघरांतील नळाच्या पाण्यात शेष क्लोरीन किती आहे, साचलेल्या पाण्यात कोलिफॉर्म जिवाणूंचे प्रमाण किती आहे, हे तपासणे पदवीच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातील काम आहे. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले होते. प्लेगवरील संशोधनासाठी हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली. रोग आणि निचरा यांचा संबंध या परिसराला नवा नाही.

तिसरा टप्पा पर्यायांच्या विचाराचा. वाहिनी रुंद करणे, टाकी वाढवणे, गच्च्यांवरचे पाणी काही काळ रोखून धरणे, पाणी मुरेल असे पृष्ठभाग निर्माण करणे, रस्ता उंच करणे, यांतील प्रत्येक पर्यायाचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हे मांडले गेले पाहिजे. रस्ता उंच केल्याने वाहने चालू राहिली. परंतु कडेच्या तळमजल्यावरील दुकानाच्या दृष्टीने पाण्याची पातळी कमी झाली की वाढली, हे मोजूनच सांगावे लागेल. केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पर्जन्यजल निचरा संहितेतील निकष आणि प्रत्यक्ष जागेवरील शक्यता यांतील अंतरही याच टप्प्यात ध्यानात येते.

७. रहिवासी, सुरक्षितता आणि विश्वासार्हता

अशा क्षेत्रात सर्वाधिक दीर्घ नोंद कोणा संस्थेकडे नसून रहिवाशांच्या स्मरणात असते. कोणत्या वर्षी पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले, कोणती जाळी आधी तुंबते, कोणत्या इमारतीच्या बांधकामानंतर पाण्याचा ओघ बदलला, हे चाळीतील वयस्कर मंडळी व दुकानदार नेमके सांगू शकतात. ही माहिती ऐकीव म्हणून टाकून देऊ नये, तशीच ती पडताळणीशिवाय स्वीकारूही नये. सांगितलेल्या पायरीची पातळी लेव्हल यंत्राने घेतली, की आठवणीचे मोजमापात रूपांतर होते.

मात्र क्षेत्रकार्यात काही मर्यादा कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. कोणत्याही विद्यार्थ्याने साचलेल्या पाण्यात उतरून नोंद घेऊ नये. खोलीची पट्टी वरच्या मजल्यावरून वाचता येईल अशा जागी असावी. अतिवृष्टीचा इशारा असलेल्या दिवशी बाहेरील काम बंद ठेवावे. मॅनहोलचे झाकण विद्यार्थ्यांनी कदापि उघडू नये. महापालिकेच्या विभाग कार्यालयाची लेखी परवानगी आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र सोबत असावे. ज्यांच्या घराचे मोजमाप घेतले, त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत, म्हणजे मराठीत, एका पानावर लिहून देणे हेही प्रकल्पाचे अंग मानावे. आपला आकडा ज्याच्या उंबरठ्याशी संबंधित आहे, त्याच्यासमोर तो मांडावा लागणार, ही जाणीव नोंदींच्या प्रामाणिकपणाची उत्तम हमी ठरते.

८. मूल्यमापनाचा प्रश्न

प्रकल्पाधारित अध्ययन बहुतेक ठिकाणी मूल्यमापनाच्या टप्प्यावर ढासळते. अहवालाची पृष्ठसंख्या आणि सादरीकरणाची सफाई यांना गुण मिळत असतील, तर विद्यार्थी त्याच गोष्टींवर श्रम घेणार. याऐवजी क्षेत्रवहीला मध्यवर्ती स्थान देता येईल. सर्वेक्षणाच्या परंपरेत चुकलेली नोंद खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्त नोंद लिहितात. अशी वही पाहिली, की काम कोणी, केव्हा आणि कसे केले हे परीक्षकाला कळते. निर्दोष दिसणाऱ्या वहीपेक्षा दुरुस्त्या असलेली वही बहुधा अधिक विश्वसनीय असते.

त्याचबरोबर गटातील प्रत्येकाची स्वतंत्र तोंडी परीक्षा, एका सदस्याने घेतलेल्या नोंदींची दुसऱ्याने केलेली फेरतपासणी, आणि ‘या गृहीतकात बदल केला तर निष्कर्ष कसा बदलेल’ या स्वरूपाचे प्रश्न यांचा अवलंब करावा. पावसाने ओढ दिल्यामुळे अपेक्षित नोंदी मिळाल्या नाहीत, तर त्या गटाचे गुण कापले जाऊ नयेत. काय मोजता आले नाही आणि त्यामुळे कोणता निष्कर्ष काढता येत नाही, हे स्पष्टपणे लिहिणे हीदेखील अभियांत्रिकी क्षमता आहे.

अध्यापकांपुढील अडचणी नाकारता येणार नाहीत. एका मार्गदर्शकाकडे अनेक गट, अधिस्वीकृतीची कागदपत्रे आणि नियमित तासिका सांभाळून क्षेत्रकार्याला वेळ काढणे कठीण जाते. यावर एक व्यवहार्य मार्ग असा की, विभागाने दरवर्षी नवे विषय शोधण्याऐवजी एकच क्षेत्र पाच-सात वर्षांसाठी स्वीकारावे. पहिल्या गटाने केलेले पातळीमापन दुसऱ्या गटाला आधार होईल, दुसऱ्याच्या पावसाच्या नोंदी तिसऱ्याला उपयोगी पडतील. ग्रंथालयातील अहवाल तेव्हा नक्कल करण्यासाठी नव्हे, तर पुढील काम उभे करण्यासाठी उघडला जाईल.

९. अन्य अध्ययनक्षेत्रे

हिंदमाता हे केवळ एक उदाहरण आहे. दादरच्या फूल बाजारातील निर्माल्य व टाकाऊ फुलांचे खत करताना कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर कसे राखावे, गिरगाव चौपाटीवरील विसर्जनाआधी आणि नंतर पाण्याच्या गढूळपणात कोणता फरक पडतो, लालबाग-परळच्या मूर्तिशाळांतील प्लास्टर ऑफ पॅरिसचे अवशेष अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवल्यास किती काळ लागतो, गिरगावातील जुन्या विहिरींच्या पाण्याचा पिण्याव्यतिरिक्त वापर शक्य आहे काय, असे अनेक विषय पायी फिरण्याच्या अंतरावर आहेत. २६ मे २०२५ रोजी वरळीतील आचार्य अत्रे चौक या भूमिगत मेट्रो स्थानकात पाणी शिरले. सेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. नव्या बांधकामाचे जुन्या निचऱ्याशी असलेले नाते तपासण्याची गरज संपलेली नाही, हे त्यावरून दिसते.

१०. समारोप

प्रकल्पाधारित अध्ययनाचे मोल विद्यार्थ्याने किती मोठा प्रकल्प केला यावर अवलंबून नाही. ताशी २५ मिलिमीटर हा आकडा निसर्गनियम नव्हता. तो एका काळातील शहराने आपल्या खर्चाच्या व जोखमीच्या मर्यादेत घेतलेला निर्णय होता. ताशी ५० मिलिमीटर हाही निर्णयच आहे. उद्याचा अभियंता असे निर्णय घेणार असल्याने, त्यामागील गृहीतके तपासण्याची सवय त्याला विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे. त्यासाठी महाविद्यालयांनी सहाव्या सत्रातच विषयनिश्चिती करावी, एक जवळचे क्षेत्र दीर्घकाळासाठी स्वीकारावे, स्थापत्य व पर्यावरण शाखांचे संयुक्त गट करावेत आणि क्षेत्रवहीला गुणांकनात स्थान द्यावे. यांपैकी एकाही बाबीसाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. लेव्हल यंत्र बहुतेक स्थापत्य विभागांत उपलब्ध आहे, आणि हिंदमाताला पाऊस दरवर्षी येतो.